वरचा आवाज

"ट्वीटर गेला," इस्माईल चाचा म्हणाले.

मी मीटरकडे पाहिलं. सुई जागच्या जागी होती. खोक्यासमोर उभ्या केलेल्या मायक्रोफोनला आवाज मिळत होता आणि मलाही ऐकू येत होता. बारीक, शिट्टीसारखा, न हलणारा आवाज.

"गेला नाही चाचा. वाजतोय."

ते खुर्चीत पुढे सरकले, मान एका बाजूला कलती करून डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "वाजतोय?"

"हो. ही सुई बघा ना. आवाज थांबला तर ती खाली पडेल."

त्यांनी डोळे उघडले आणि सुईकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग हलकेच म्हणाले, "वाजत असेल. पोचत नाही."

पोचत नाही म्हणजे काय, हे मला समजलं नाही. त्यांना विचारायचा धीरही झाला नाही. मिरजेत आवाजाच्या बाबतीत इस्माईल चाचांना कुणी उलट प्रश्न विचारत नसे.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इंजिनियर होते. नवरा, अजित, हायस्कुलात इतिहास शिकवायचा. आमच्या गावात गाणं ऐकणाऱ्यांचं एक मंडळ होतं. दर महिन्याला जुन्या तबकड्या आणि टेपा लावून वीसपंचवीस माणसं एकत्र ऐकायची. मंडळाचे स्पीकर जळाले, तेव्हा मी भर बैठकीत बोलून गेले, की मी घरी करून देते. चिटणीस तगारे सर हसले नाहीत, पण त्यांच्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "फोन लावणं वेगळं आणि गाणं लावणं वेगळं, बाई." तगारे सरांनी मधला मार्ग काढला. म्हणाले, मगदूमबाईंना करू दे, पण इस्माईल चाचांनी ऐकून पसंत केले तरच आपण घ्यायचे. यावर सगळ्यांचं एकमत झालं.

चाचा तंबोरे करायचे. त्यांच्या घराण्यात तेच काम चालत आलेलं, पण चाचांचं नाव होतं ते जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं किंचित किंचित घासून असा करायचा, की तार तिच्यावर नुसती टेकू नये, घसटत राहावी. मग एका तारेतून अनेक सूर झिरपल्यासारखे बाहेर येतात. हे मोजून होत नाही, ऐकून होतं. लांबलांबचे गवई तंबोरा पाठीवर टाकून चाचांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसत.

असा माणूस माझ्या दिवाणखान्यात, प्लायवुडच्या दोन खोक्यांसमोर बसला होता आणि सांगत होता, की आवाज पोचत नाही.

माझी खोकी साधी होती. प्रत्येकात दोन स्पीकर. खाली मोठा वूफर, जाड आवाजासाठी. वर लहान ट्वीटर, बारीक आवाजासाठी. दोघांनाही सगळा आवाज दिला तर वूफर गुरगुरतो आणि ट्वीटर जळतो, म्हणून मधे क्रॉसओव्हर नावाचं सर्किट लागतं. तांब्याच्या तारेची वेटोळी आणि कपॅसिटर. ते आवाजाची वाटणी करतं, खालचा इकडे, वरचा तिकडे. खरं अवघड असतं ते या दोघांचा सांधा जुळवणं. गाणारा वर चढत जातो तेव्हा वूफर कधी थांबला आणि ट्वीटरनं कधी उचललं, हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. मी वेटोळी हातानं गुंडाळली होती, आकडेमोड तीनदा तपासली होती, आणि सूर काढणाऱ्या यंत्रावर, ऑसिलेटरवर, खालपासून वरपर्यंत सूर फिरवून मीटरची सुई एका रेषेत चालते हे पाहिलं होतं. चाचांना मात्र आवाज तुटत होता, आणि तुटत होता तोही नेमका सांध्याच्या जरा वर.

त्यामुळे मला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. सांधा चुकलाय, एवढं एकच डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले आणि ट्वीटरच्या तारा उलट्या जोडल्या. कधी कधी दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलतात आणि मधला आवाज मरतो, तसं असेल म्हणून. सुईनं लगेच सांगितलं, की हे चूक आहे. सांध्याच्या जागी खड्डाच पडला. संध्याकाळी चाचा आले. त्यांची मुलगी रेहाना त्यांना लुनावरून फाटकाशी सोडायची आणि तासाभरानं न्यायला यायची. मी सूर फिरवला. चाचांनी त्याच जागी हात खाली केला. आम्ही ठरवलं होतं, ऐकू येतंय तोवर हात वर, थांबलं की खाली.

"मधे कुठं कमी वाटलं का?" मी विचारलं.

"मधे वाटलं, हां. पण ते किरकोळ. वरचं कुठंय?"

खड्डा त्यांना बरोबर ऐकू आला होता. मी आणखीच गोंधळले. कान एवढा तल्लख असेल, तर तो सांगतो ते खोटं कसं म्हणायचं? तारा पूर्ववत केल्या. मग वाटलं, आवाज खुर्चीपर्यंत येताना भिंतीवर आपटून नाहीसा होत असेल. खुर्ची खिडकीशी नेली. चाचांनी स्वतःच ती पुढे ओढली, मग आडवी लावली, मग भिंतीकडे तोंड करून बसले.

"लावा."

मी लावला. हात त्याच जागी खाली आला.

ते उठल्यावर मी त्यांच्या जागेवर बसून पाहिलं. मला ऐकू येत होतं. अजितला बसवलं. "येतंय की," तो म्हणाला. पण अजितला पेटी आणि पियानो यांतला फरक सांगता येत नसे, आणि माझं काय, मी तो सूर स्वतः लावत होते. वाजतोय हे ठाऊक असलं की नसलेलाही ऐकू येतो, असं मी मनाशी म्हटलं. सुईचं काय, हे मात्र मला सांगता येईना. मग मी सुईवर संशय घ्यायला लागले. मायक्रोफोन जुना होता. तो खोटं बोलत असेल.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीला त्यांनी तंबोऱ्याची टेप लावायला सांगितली. डोळे मिटून ऐकली.

"तार आहे," ते म्हणाले. "पण नुसती तारच आहे. तिच्या अंगावरचं सगळं पुसून काढलंय कुणीतरी."

मी ट्वीटरच्या वाटेतला रेझिस्टर काढून टाकला. त्यामुळे वरचा आवाज मोकळा सुटला. स्वयंपाकघरातून अजित बाहेर आला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "हे काय लावलंयस? दात आंबल्यासारखं होतंय." चाचा मात्र खुर्चीत ताठ बसले होते.

"आता बरं आहे," ते म्हणाले.

मला एवढं हायसं वाटलं, की मी अजितवर चिडले. दुसऱ्या दिवशी चाचा आले ते दारातूनच म्हणाले, "ताई, ते पुन्हा पहिल्यासारखं करा."

"का? काल तुम्हीच बरं म्हणालात."

"म्हणालो खरा. पण करा. आणि तो तुमचा सूर खालून वर घ्या. आज मी असा बसतो."

ते डावा कान खोक्याकडे करून बसले. मग उजवा. उजव्याला हात थोडा आधी खाली आला. ते स्वतःशीच मान हलवत होते. मला वाटलं, ते माझ्या दोन खोक्यांत फरक शोधतायत. म्हणून उजवं खोकं डावीकडे आणि डावं उजवीकडे ठेवलं. उत्तर बदललं नाही. मी जेवताना, ऑफिसात लाइन तपासताना, रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच एका गोष्टीचा विचार करत होते. जे बदलायचं ते बदललं तरी काहीच कसं बदलत नाही? आणि ज्या माणसाला एकदा ऐकून निकाल देता आला असता, तो रोज का येतोय?

हे मी अजितला बोलून दाखवलं.

"त्यांना गोडी लागली असेल," तो म्हणाला.

"कशाची? शिट्टी ऐकायची?"

"मग तूच विचार ना त्यांना."

मी विचारलं नाही. पुण्याहून नवे ट्वीटर मागवले, महागातले. मंडळाची बैठक पुढच्या शनिवारी होती, म्हणून आदल्या रविवारी दुपारीच चाचांना बोलावलं. खोकी उघडून नवे ट्वीटर, नवी वेटोळी आणि नवे कपॅसिटर बसवले होते, सकाळी सुईनं त्यांना सरळ रेषा दिली होती. हात दमले होते. आता तरी हा माणूस हो म्हणू दे, एवढंच मागणं होतं.

चाचा बसले, डोळे मिटले, हात वर केला. मी ऑसिलेटरची खुंटी फिरवायला लागले. फाटकाशी लुना थांबल्याचा आवाज आला. रेहाना रोज बाहेरच थांबायची. त्या दिवशी ऊन फार होतं म्हणून अजितनं तिला आत बोलावलं. ती दाराशी येऊन उभी राहिली. तिशीची असेल. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी परतलेली. वडिलांच्या दुकानात भोपळ्यावर नक्षी बसवणं, पॉलिश करणं, खुंट्या घासून बसवणं ही कामं ती करायची.

चाचांचा हात खाली आला. "इथं," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले. नवे ट्वीटर, नवे कपॅसिटर, आणि जागा तीच.

"कुठं काय, अब्बा?" रेहाना दारातून म्हणाली. "वाजतंय की अजून."

मी तिच्याकडे पाहिलं, मग चाचांकडे. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"वाजतंय?"

"हां."

"शैलाताई, पुढं घ्या."

मी खुंटी पुढे सरकवली.

"आता?"

"वाजतंय."

"अजून पुढं. आता?"

"वाजतंय, अब्बा."

मी फिरवत राहिले. सूर इतका बारीक झाला की तो ऐकू येतोय की नुसता कानात टोचतोय, हे मलाच कळेना. त्याहून पुढे गेल्यावर तो माझ्या कानातून सुटला. रेहानाचा नाही. ती आता दारातून पुढे येऊन खोक्यासमोर उकिडवी बसली होती. शेवटी म्हणाली, "आता गेलं."

चाचांनी डोळे उघडले आणि खुंटी कुठे आलीय ते वाकून पाहिलं. मग ती आधी कुठे होती, त्या जागी बोट ठेवलं. दोन खुणांमधलं अंतर ते पाहत राहिले.

"केवढी पुढं गेली ही," ते म्हणाले.

अजितनं चहा आणला होता. तो हातात ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. मी ऑसिलेटर बंद केला.

"चाचा, तुम्हाला कधीपासून...?" मी विचारलं.

"इथं आलो त्या दिवशी. तुमची सुई हलली नाही तेव्हा." ते कप घेऊन बशीत चहा ओतायला लागले. "त्याच्या आधी दोन तंबोरे परत आले होते. एक सांगलीच्या बाईंचा. म्हणाल्या, चाचा, फार कडक लागतोय हो. मी म्हटलं, बाईंचं वय झालं. दुसरा परत आला तेव्हा म्हटलं, लाकूडच वाईट. मला बरं वाटेपर्यंत घासत होतो मी. आणि मला बरं वाटायचं तेव्हा दुसऱ्याच्या कानाला चटका बसायचा."

"मग हे इतके दिवस? मी रोज सोल्डरिंग करत बसले. नवे ट्वीटर मागवले."

"एकट्या सुईवर कसा विश्वास ठेवू, ताई? म्हटलं, खुर्ची बदलून बघू. कान बदलून बघू. तुम्ही तर सगळं आतडं बाहेर काढून बदललंत. बदलायचं राहिलं नाही काही." बशी त्यांच्या हातात तशीच होती. "मी एकटा उरलो."

मला राग आला होता. तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. "मला सांगितलं असतंत तरी चाललं असतं. दवाखान्यात गेला असतात. मिरजेत काय दवाखान्यांची वानवा आहे?"

"कानाच्या डॉक्टरच्या बाकावर बसलो असतो, तर दुसऱ्या दिवशी गल्लीत झालं असतं. लोक माझ्याकडे लाकूड घ्यायला येत नाहीत. आणि तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही मोठ्यानं वाजवलं असतं, मला बरं वाटावं म्हणून. सुईसारखं वागला नसता."

ते खरं होतं.

रेहाना अजून खोक्यासमोरच बसली होती. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तो दुसरा तंबोरा पॉलिशला आला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला?"

चाचा किंचित हसले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून घोडीच्या कामाला तू बस."

ती उठून उभी राहिली. "मला कानशीला हात लावू देत नव्हता तुम्ही. भाईजानला शिकवलं, तो दुबईला गेला. मी मागितलं तेव्हा म्हणालात, बायकांच्या मनगटाचं काम नाही हे."

"म्हणालो होतो."

"आणि आता?"

"आता कानाचं काम आहे. मनगट मी देतो. कानस कशी धरायची, दाब कुठं द्यायचा, कुठं सोडायचा, ते सगळं माझ्या हातात आहे अजून. कधी थांबायचं, ते तू सांगायचं."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

त्यांनी रिकामी बशी अजितपुढे केली. अजितनं बश्या गोळा केल्या. जाताना चाचा माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "पहिल्या दिवशी जसं होतं, तसं करा. ते बरोबर असणार."

"असणार म्हणजे?"

"म्हणजे मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

मी सगळं मूळच्यासारखं केलं. पहिली वेटोळी, पहिले कपॅसिटर, काढून टाकलेला रेझिस्टर. नवे ट्वीटर काढून जुने बसवले. शनिवारी मंडळात तगारे सरांनी एक जुनी तबकडी लावली. ती संपल्यावर सगळ्यांनी वळून चाचांकडे पाहिलं. त्यांनी हो म्हटलं असतं तर काम झालं असतं, आणि त्या 'हो'ला काही अर्थ नव्हता, हे त्या खोलीत आम्हा चौघांनाच माहीत होतं.

"मला काय विचारता?" चाचा म्हणाले. "रेहानाला विचारा."

लोक हसले. त्यांना वाटलं, चाचा थट्टा करतायत. रेहाना मागे बायकांच्या रांगेत बसली होती. ती उठली, कुणाकडे न बघता पुढे आली आणि म्हणाली, "उजवीकडचं खोकं भिंतीला फार चिकटलंय. हातभर पुढं घ्या." कुणीतरी ते ओढलं. तबकडी पुन्हा लागली. खालचा घुमारा कमी झाला आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज मोकळा होऊन समोर आला. थट्टा होती असं वाटणारे हसायचे थांबले. तगारे सरांनी चाचांकडे परत पाहिलं, आणि या वेळी जरा जास्त वेळ पाहिलं. चाचांनी मान हलवून मुलीकडेच बोट दाखवलं.

त्यानंतर गावात कुजबुज झाली नाही असं नाही. काही गिऱ्हाइकं गेली. एका गवयानं पायरीवरूनच तंबोरा परत नेला. काही महिने त्यांच्याकडे काम फार कमी होतं, एवढं मला ठाऊक आहे, कारण चाचा संध्याकाळी आमच्याकडे नुसतेच गप्पा मारायला येऊन बसत.

थंडीत एकदा मी दुकानात गेले. सांगलीच्या त्याच बाईंचा तंबोरा पुन्हा आला होता. मागे कडक लागला म्हणून त्यांनी परत पाठवला होता तोच. नवी घोडी बसवली होती. रेहाना तो पुढ्यात आडवा घेऊन कानशीनं एकेक हलका हात मारत होती. चाचा शेजारी बसून तिचं मनगट पाहत होते. मधेच बोटानं खूण करायचे, दाब कमी. ती तार आणि घोडी यांच्यामधे सूर खुलवणारा दोरा सरकवायची, छेडायची, कान लावायची, पुन्हा तार बाजूला सारून घासायची. बाई समोर सतरंजीवर बसल्या होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. एकदा तिनं छेडल्यावर मला तो सूर फार गोड वाटला. अंगावर काटा आला. बाईंनीही डोळे मिटले.

चाचांनी भोपळ्यावर पालथा हात ठेवला होता. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मुलीला विचारलं, "लागली जवारी?"

आम्ही दोघीही हो म्हणणार होतो. रेहानानं तार पुन्हा एकदा छेडली आणि ती पुरती विझेपर्यंत ऐकली.

"नाही अब्बा," ती म्हणाली. "अजून नाही."

चाचांनी भोपळ्यावरचा हात काढून मांडीवर घेतला. इतक्या महिन्यांत मी त्यांना एवढं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं. बाईंकडे वळून ते म्हणाले, "थोडं थांबावं लागेल." आणि रेहानानं कानस उचलली.